भस्मनाथाची मूठ

सन एकतीसच्या चैत्रात भाट्याच्या खाडीवरच्या कातळावर इतके ढेकर निघाले, की खालचे मासे म्हणे वर डोकं काढून विचारू लागले, "काय मंडळी, जेवणं झाली वाटतं?" आता मासे कधी बोलतात का, अशी शंका ज्याला येईल त्याने त्या कातळावर पाऊलच ठेवायचं नव्हतं. कारण तिथे याहून मोठ्या थापेपुढे अख्खं रत्नागिरी हात जोडून बसलं होतं.

माडाच्या विणलेल्या झापांच्या मांडवात भस्मनाथ महाराज बसत. घाटावरून उतरलेले, अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून भरलेले.

"या! पोटात कोण बसलंय? आजा बसलाय, पणजा बसलाय, का भाऊबंदांनी घातलेली करणी बसलीय? डाक्तर पोट चिरतो, नाथ पोट झाडतो!"

परीक्षेची रीत ठरलेली. दुखणेकऱ्याने घरून वाटीभर आगळ आणायचं. कोकमाचा तो लाल, खारट रस कोकणात कुठल्या घरी नसतो? रोग्याने वाटीत फुंकर मारायची आणि महाराजांनी वरून भस्माची चिमूट सोडायची. लगेच आगळ फसफसून वर यायचं आणि लालाचं निळंकाळं व्हायचं.

"उकळली! करणी उकळली!" महाराज ओरडत. मग मूठभर भस्म पाण्यात कालवून रोग्याच्या घशाखाली. पळभरात असा ढेकर, की झाडावरचे कावळे उडावेत. आणि पोटातली आग थांबायची. खरंच थांबायची. भानगड होती ती इथेच. साफ खोटं असतं तर लोक चार दिवसांत विटले असते.

धाकू तांडेल विटला नव्हता. गलबतावर वाऱ्याशी दोन हात करणारा हा गडी पोटाच्या आगीपुढे मात्र मुडपून बसायचा. हरिश्चंद्र डॉक्टरांनी त्याला पोटात जखम असल्याचं सांगून पुड्या दिल्या होत्या. चिमटीएवढी पूड, ठरल्या वेळी, सोबत दूध; तिखट, आंबट, तंबाखू बंद.

"चिमटीने औषध देतो की बांगड्याला मीठ लावतो?" धाकू म्हणाला आणि मूठ देणाऱ्याकडे गेला. पहिल्यांदा एका मुठीने दिवस निभावला. मग सकाळ-संध्याकाळ लागू लागली. मग जेवलं की मूठ, उठलं की मूठ.

त्याची धाकटी बहीण दमयंती मुलींच्या शाळेत शिकवायची. त्या दिवशी सकाळची शाळा आटोपून ती घरी आली, तर घराला कडी. अंगणात आत्या सोनूबाई उडदाचं पीठ पाट्यावर कुटत बसलेली. शेजारी पापडखाराचं पाणी आणि दोन उरलेले खडे.

"दादा कुठाय गो आत्या?"

"तुझी वयनी सगुणा घेऊन गेली कातळावर. आज पूर्णाहुती हाय त्याची. मुठीवर भागत न्हाय, आता अख्खा वाडगा पाजणार हायत. कालपासून शौचाला डांबरासारखं काळं होतंय ना, महाराज म्हणाले करणी गळतेय."

दमयंतीने हातातली पुस्तकं अंगणातच टाकली. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, काळं झालं तर ते रक्त समज, त्याला चालवू नको, आधी मला बोलाव.

तिने शेजारच्या केरूला डॉक्टरांकडे पिटाळलं. पण डॉक्टर येईपर्यंत वाडगा रिकामा झाला तर? आणि कातळावर नुसतं ओरडून कोण ऐकणार? घाम पुसत तिने वाटेतलं पापडखाराचं भांडं बाजूला सारलं, दाराची कडी काढली आणि ओल्या हाताने उंबऱ्याआतली आगळाची बरणी उचलू लागली. एक वाटी तरी हाती असावी, बोलायला निमित्त.

"अगो अगो! त्या हाताने आगळाला शिवू नको!" सोनूबाई किंचाळली. "पापडाच्या दिवशी आगळ बाहेर काढत न्हायत. बाटतं ते, काळं पडतं!"

"काळं पडतं?"

"पडतं म्हंजे! म्हणून तर सासूबाईंनी मला पयल्याच वर्षी कान उपटून शिकवलं."

घराघरातल्या बायका हा नेम पाळत होत्या, म्हणून घराघरात हे कुणी पाहिलंच नव्हतं. दमयंतीने वाटीत आगळ ओतलं आणि पापडखाराचं बोट आत बुडवलं. फस्स! फेस आला, लाली गेली, निळीकाळी वाटी तिच्याकडे पाहत राहिली.

"बाटवलंस!" सोनूबाई म्हणाली.

"आत्या, बाटू दे!" दमयंतीने पापडखाराचा खडा पदराला बांधला, दुसरी वाटी भरली आणि धावत सुटली.

कातळ तापलेला. मांडवात धाकू भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा होऊन बसलेला, कपाळावर घामाचे थेंब. हातात भस्माच्या पाण्याचा वाडगा. महाराज सांगत होते, "एका घोटात! मधे श्वास घेतलास तर करणी परत शिरेल!"

सगुणाने नणंदेला पाहिलं आणि वाट अडवली. "वन्सं, पाया पडते तुमच्या. आज मधे येऊ नका. कसे तळमळतात ते मी बघते, तुम्ही न्हाय."

दमयंतीने सगुणाच्या खांद्यावरून वाटी पुढे केली. तिने आवाज चढवला. "महाराज, शेवटची परीक्षा तरी करा! ही दादाची वाटी."

महाराज खूश झाले. मास्तरीणही शरण आली म्हणायची! धाकूला हाताने थांबवून त्यांनी चिमूट सोडली. आगळ उसळलं, काळवंडलं.

"बघा! केवढी करणी! बोटभर फेस!"

"या वाटीत दादाने फुंकलेलंच नाही," दमयंती म्हणाली. "दादाने ती पाहिलेलीसुद्धा नाही. बरणीतलं ताजं आगळ आहे. कुणाची करणी उकळली मग?"

गर्दी वाटीभोवती दाटली. महाराज मात्र कसलेले. "तर मग बरणीलाच करणी! घरालाच करणी! पी रे तांडेला, घराचा नाश व्हायच्या आत पी!"

लोकांनी माना डोलावल्या. धाकूने वाडगा दोन्ही हातांनी उचलला.

दमयंतीने खडा सोडून सगुणाच्या तळहातावर ठेवला. "वयनी, हा वाण्याकडचा पापडखार. तू स्वतःच्या हाताने घाल. कुणाच्याही वाटीत."

सगुणाने खड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. रांगेत पहिला भागोजी म्हातारा होता. त्याने वाटी पुढे केली. खडा आत पडला. फस्स! लालाचं निळंकाळं.

"माज्याही वाटीत घाल गो!" मागून कोणी ओरडलं. भागोजीने महाराजांच्या भस्माचं बोट जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "आयला, राख कसली? भज्यांत घालायचा सोडा हा! उगा दोन चमचे राख रंगाला!"

धाकूच्या ओठाला वाडगा लागलाच होता. सगुणाने असा फटका मारला, की वाडगा कातळावर गडगडत गेला. नवऱ्याच्या अंगावर आयुष्यात पहिल्यांदा हात उगारणारी ती बाई मग तिथेच बसून रडली. या गलबल्यात महाराज मांडवामागून कधी उतरले, ते त्यांच्या खडावांनाही कळलं नाही. त्या तिथेच राहिल्या.

केरू डोली घेऊन आला, बरोबर डॉक्टर. त्यांनी धाकूला आडवं केलं, नाडी धरली. डोली उचलायची, तोच भागोजीने विचारलं, "डाक्तर, एक सांगा. तुमच्या पुडीत काय असतं?"

"सोडा," डॉक्टर म्हणाले. "आणि तसलीच आणखी दोन पांढरी चूर्णं."

"म्हंजे त्याचा सोडा खोटा नि तुमचा खरा?"

लोक हसले. दमयंती दचकली. डॉक्टर मात्र शांत होते. "सोडा दोघांचाही खराच. पोटात आंबट रस असतो, तो जखमेला झोंबतो. सोड्याने आंबटपणा मरतो, वारा सुटतो, ढेकर येतो, आग थांबते. या वाटीत फेस आलाय ना, तेच पोटात होतं. पण जखम असते तिथेच. थोड्या वेळाने रस पुन्हा येतो. मी चिमूट देतो, वेळ ठरवतो, दूध नि अंथरूण देतो, आणि जखम भरतेय का ते बघत राहतो. तो मूठ देतो, आणि काळं रक्त गळू लागलं की वाडगा देतो. रक्त गळणाऱ्या पोटात वाडगाभर वारा सुटला असता तर पोट फुटलं असतं. मग ढेकर धाकूचा आला नसता, हंबरडा या बाईचा आला असता."

पुढे पावसाळाभर धाकू आडवा होता. वाचला. पण असा बिलंदर रोगी झाला, की डॉक्टर त्याला लांबून पाहून दार लोटून घ्यायचे. पुडी हातात पडली की सुरू: "किती घ्यायची? केव्हा? कशासाठी? चुकून जास्त गेली तर? आणि बंद कधी करायची?"

"अरे, किती विचारशील?"

"तुम्ही डाक्तर हाव, सांगता. म्हणून विचारतो."

मंडळी, बाबाला, बुवाला आणि डॉक्टरलाही हे प्रश्न विचारा. जो उत्तर देईल त्याचं औषध घ्या. जो म्हणेल, "श्रद्धा ठेव आणि गिळ," त्याच्यापुढे तोंड घट्ट मिटा. आपलं पोट आहे, त्यात काय आणि किती जातं हे विचारण्यात कुठल्याच देवाचा अपमान होत नाही.