नववं नाव

निकिताला एकही अंगाई येत नव्हती. आईकडून शिकायची राहून गेली, आणि मोबाईलवरची लावावी तर प्रज्ञेश झोपायचं सोडून मोबाईलच धरायला बघायचा. मग पाळण्यावरच्या भिंतीवर जे होतं तेच ती म्हणायची. तिच्या वडिलांनी, कचरूअण्णांनी, नातवाच्या नामकरणाला सोनंनाणं न आणता संविधानाच्या उद्देशिकेची चौकट आणली होती. ‘आम्ही भारताचे लोक’ इथून हळूहळू सुरू केलं की ‘दर्जाची व संधीची समानता’ येईपर्यंत बाळाचे डोळे जड व्हायचे. बंधुतेपर्यंत तो कधी पोचलाच नव्हता.

“त्याला वाटेल संविधान म्हणजे झोपेचं औषध,” तिचा नवरा समाधान म्हणायचा.

“भल्याभल्यांना वाटतं,” निकिता बाळाच्या पायातला निसटलेला मोजा चढवत म्हणायची.

तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. ऑफिस तसं जवळ, खराडीतच. घराच्या गॅलरीतून त्याची काच दिसायची. प्रज्ञेशला सांभाळायला मैनाबाई यायच्या. पन्नाशीच्या, बोलायला मोजक्या, हाताला उबदार. बाळ त्यांच्या खांद्यावर गेलं की अंग सैल सोडायचं. पण मैनाबाई आठव्या मजल्यावर पोचल्या की आधी दारातच बसायच्या. धाप ओसरल्याशिवाय लेकराला हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम.

कारण लिफ्टपाशी पाटी होती: ‘घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाले व पाळीव कुत्री यांनी मागची लिफ्ट वापरावी.’ मागची लिफ्ट दिवाळीपासून बंद होती. कुत्री मालकांच्या काखेतून पुढच्याच लिफ्टने जायची. डिलिव्हरीवाले सामान गेटवरच ठेवायचे. राहिल्या बायका.

एका सकाळी मैनाबाई दारात बसल्या त्या उठेचनात.

“ताई, पुढच्या महिन्यापासनं दुसरी कुनी बघा,” त्या म्हणाल्या. “पोराचा लळा लागलाय, पन गुडघा ऐकत न्हाई.”

दुसरी मिळालीही असती. पण तीही जिन्यानेच आली असती.

दुसऱ्या दिवशी निकिता मैनाबाईंना घ्यायला स्वतः खाली गेली आणि त्यांच्यासह लिफ्टसमोर उभी राहिली. वॉचमन उत्तरेश्वर स्टुलावरून उठून हात जोडत आला. “ताई, मी अडवत नाही. पण वर कॅमेरा आहे. माझ्या आधीच्या वॉचमनची नोकरी अशीच गेली.” त्याचा चेहरा बघून निकिताने बटणावरचा हात मागे घेतला. मैनाबाई जिन्याकडे वळल्या.

मग ती संभाजीआप्पांकडे गेली. आप्पा सोसायटीचे अध्यक्ष. सोसायटी झाली तेव्हापासून तेच. ही जमीन त्यांची. बिल्डरने बदल्यात फ्लॅट दिलेले. गेटपाशी खुर्ची टाकून ते अजून रानाच्या बांधावर बसल्यासारखेच बसत.

“कमिटीचा निर्णय हाय, पोरी,” आप्पा हसत म्हणाले. “मी एकटा काय करनार? कमिटीत यायचं आन् बदलायचा. लोकशाही हाय.”

आसपासचे दोघेतिघेही हसले. निकिताने मात्र तो शब्द तसाच उचलला आणि घेऊन गेली थेट श्यामसुंदरकाकांच्या दारात.

श्यामसुंदरकाका बँकेतून निवृत्त झालेले. सगळा जन्म नारायण पेठेत काढून मुलासाठी खराडीत आले होते, आणि मुलाला त्याबद्दल अजून माफ केलेलं नव्हतं. कमिटीची निवडणूक आली की कागदपत्रं त्यांच्याकडे. यंदाची येत्या रविवारच्या सभेत होती.

“आठ जागांना आठच अर्ज येतात,” तिचा अर्ज चष्म्याखालून वाचत ते म्हणाले. “आप्पा नावं सांगतात, मी टाइप करतो. मतपत्रिका छापण्याचा अनुभव मला नाही. तो आपण देणार असं दिसतंय.”

“काही अडचण आहे का?”

“अडचण असती तर अर्ज हातात घेतला नसता. पोच हवी असेल ना?”

“हो.”

“घ्यावीच. कोणावर विश्वास ठेवू नये. माझ्यावर तर नाहीच.” त्यांनी सही ठोकली. “यजमानांना नाही उभं केलंत? बरोबर. घराच्या कागदावर पहिलं नाव आपलं आहे. मत पहिल्या नावाचं. पहिलं नाव सभेला आलंच नाही, तर दुसऱ्याने द्यायचं. नियम आहे. कोणी विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही.”

जिना उतरतानाच निकिताच्या डोक्यात ते घोळायला लागलं. तिचं आणि समाधानचं घर घेताना एजंटच म्हणाला होता, मॅडमचं नाव पुढे टाका, बायकांना स्टँप ड्यूटी कमी लागते. एजंट सगळ्यांना तेच सांगत असणार. म्हणजे निम्म्या इमारतीत मत बायकांचं, आणि सभेला बसतात नवरे.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. आपली बिनविरोधची परंपरा. आपण एक कुटुंब आहोत. गैरसमज चर्चेने दूर व्हावेत. समाधान प्रत्येक मेसेज वाचून फोन पालथा ठेवायचा.

“निक्की, लिफ्टमध्ये लोक माझ्याशी बोलेनासे झालेत.”

“तुला लिफ्टमध्ये घेतात तरी.”

त्याने फोन चार्जिंगला लावला. मग म्हणाला, “रविवारी मी जातो सभेला. तू बाळाजवळ थांब. तुला बोलतील काहीबाही.”

“मत माझं आहे, समाधान.”

“तुझंच आहे गं. मी फक्त तुझ्याऐवजी...”

“तेच,” ती म्हणाली. “तेच तर चाललंय इथे.”

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात आप्पा, मागे त्यांच्या पत्नी विमलाबाई. हातात नारळ आणि बाळासाठी अंगडं-टोपडं. विमलाबाईंनी न विचारता प्रज्ञेशला मांडीवर घेतलं आणि त्याने त्यांच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली. दात येत होते त्याला.

आप्पांची नजर पाळण्यावरच्या चौकटीवर गेली, तिथे जरा थांबली, परत आली.

“असं करू,” ते म्हणाले. “कमिटीत एक राखीव जागा असती. आपल्याकडं ती मोकळीच ऱ्हाती. तिथं तुझं नाव घालतो. बिनविरोध. हा अर्ज माघारी घे आन् ते लिफ्टचं सोड. सगळ्यांचा मान ऱ्हातो.”

निकिताने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

“आप्पा, ती जागा माझा हक्क आहे. तुमची भेट नाही. ती घ्यायची असेल तेव्हा मी मागायला येणार नाही, अर्ज भरीन. आणि हक्काच्या जागेवर गप्प बसायची अट नसते.”

“फार बोलतीस.”

“तुम्हीच म्हणालात, कमिटीत ये.”

आप्पा उठले. चहा तसाच राहिला. विमलाबाईंनी बाळाच्या मुठीतून वाटी हलकेच सोडवली, त्याची हनुवटी पदराने पुसली आणि त्याला आईकडे देताना खालच्या आवाजात विचारलं, “सभा किती वाजता असती गं? ह्यांनी कधी सांगितलंच न्हाई.”

“दहाला. क्लबहाउसमध्ये. तुमचं घर कोणाच्या नावावर आहे, काकू?”

“माझ्या. पैलं माझंच हाय. कमी पैशात झालं म्हने.”

बाकी दुपारभर निकिता बाळाला छातीशी बांधून मजले फिरली. आपल्याला मत द्या, असं ती कुठेच म्हणाली नाही. घर कोणाच्या नावावर, एवढं विचारायची. मग म्हणायची, “मत तुमचं आहे. पण तुम्ही खाली आलात तरच. नाही आलात तर त्यांचं.” एकीने तोंडावर दार लावलं. एकीने बाळाला केळं दिलं. सहाव्या मजल्यावरची तेजस्विनी, बँकेत नोकरी करणारी, बराच वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं मी रविवारी पोहे करत बसले, आणि खाली माझं मत दिलं गेलं?”

रविवारी क्लबहाउसमध्ये खुर्च्या कमी पडल्या. असं पूर्वी झालेलं नव्हतं. पुढच्या रांगा पुरुषांच्या, नेहमीच्या. मागे भिंतीला लागून बायका उभ्या, कोणी ओल्या केसांनी, कोणी घाईत गाऊनवर ओढणी घेऊन. शेवटच्या खुर्चीत विमलाबाई. त्यांना पाहून आप्पांच्या कपाळाला आठी पडली.

प्रज्ञेशने रडायला सुरुवात केली. पुढून कोणी म्हणालं, “बाळाला घरी ठेवून यावं माणसाने.”

“कोणाजवळ?” निकिताने त्याला थोपटत विचारलं. “सांभाळणारी जिना चढतेय.”

मागे कोणी तरी फसकन हसलं.

“उरकून घेऊ,” आप्पा म्हणाले. “हे एक सगळ्यांनी ध्यानात ठेवा. नुसतं हक्क हक्क करून सोसायटी चालत न्हाई. कर्तव्य कुनी बघायचं? चला, नावं वाचतो, हात वर करा. चहा गार व्हायलाय.”

निकिता उभी राहिली. इतक्या लोकांपुढे ती ऑफिसातसुद्धा कधी बोलली नव्हती. बाळ कडेवर होतं म्हणून निदान हातांना काम होतं.

“हात नाही. चिठ्ठ्या.”

“घरातल्या घरात कसली लपवाछपवी?”

“घरातल्या घरातच तर लागते, आप्पा.”

मागच्या भिंतीला टेकलेल्या दोघीतिघी सरळ उभ्या राहिल्या.

“आणि कर्तव्याचं म्हणालात,” ती पुढे बोलली, “तर तेही संविधानात लिहिलंय. बाईमाणसाच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या चालीरीती सोडून देणं, हे नागरिकाचं कर्तव्य आहे. मैनाबाई बाई आहेत. आपल्या पाटीवर त्या कुत्र्यांच्या ओळीत आहेत. मी माझं कर्तव्य करायला उभी आहे. चिठ्ठ्या मिळेपर्यंत बसणार नाही.”

“ही काय आमदारकी हाय?” आप्पांनी श्यामसुंदरकाकांकडे पाहिलं. “सांगा हिला.”

श्यामसुंदरकाकांनी पिशवीतून मतपत्रिकांचा गठ्ठा काढला. “छापून आणल्यात,” ते म्हणाले. “गुप्त मतदान नियमातच आहे. हात वर करायला ही कवायत नव्हे.” मग निकिताकडे वळून, “आपण गैरसमज करून घेऊ नये. मी आपल्या बाजूचा नाही. पाळण्यातली मुलं सभेला आणणं मला अजिबात पसंत नाही.”

पेटी कोणी आणली नव्हती. समाधान इतका वेळ दाराशी उभा होता. तो वर धावत जाऊन बाळाच्या दूध-पावडरचा रिकामा डबा घेऊन आला. झाकणाला त्याने स्वयंपाकघरातल्या सुरीने वेडीवाकडी खाच पाडली होती. निकिताकडे न बघताच त्याने तो टेबलावर ठेवला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

श्यामसुंदरकाका एकेक नाव पुकारू लागले. तेजस्विनी आली, तिचा नवरा अर्धवट उठला होता, तो पुन्हा बसला. आणखी दोघी आल्या. टेबल-टेनिसचं टेबल उभं करून केलेल्या आडोशामागे जाऊन आल्या. मग आप्पांच्या घराची पाळी. आप्पांनी सवयीने हात पुढे केला.

“आपल्याला नाही,” श्यामसुंदरकाका म्हणाले. “आपण उमेदवार आहात, ते ठीक. पण मत पहिल्या नावाचं. विमलाबाई हजर आहेत.”

“ती माझीच बायको हाय.”

“अभिनंदन. पण मत त्यांचं.”

विमलाबाई मागून चालत आल्या. मतपत्रिका त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घ्यावा तशी. आप्पा त्यांच्या कानाशी वाकले. “वरची आठ. ध्यानात ठेव.”

“गुप्त असतंय म्हने,” विमलाबाई म्हणाल्या आणि आडोशामागे गेल्या. बराच वेळ लागला त्यांना. कोणी घाई केली नाही.

डबा उघडला तेव्हा चिठ्ठ्यांना दुधाच्या पावडरचा वास येत होता. आप्पा पहिले आले, ते येणारच होते. निकिता आली आठवी, आणि तीही जेमतेम. पडले ते हिंदुराव, आप्पांचे पुतणे. ते सभेलाही आले नव्हते.

“आठात एक,” आप्पा उठताना तिच्याजवळ येऊन म्हणाले. “पाटी हालायची न्हाई.”

“दर बैठकीत विषय मांडीन.”

“मांड.”

“मांडणारच आहे. इतिवृत्तात लिहून घ्यायला लावीन. कोण विरोधात आहे, तेही.”

रात्री प्रज्ञेश लवकर झोपला. ‘आम्ही भारताचे लोक’च्या पुढे जावंच लागलं नाही.

सोमवारी सकाळी पाटी जागच्या जागी होती. निकिता बाळाला कडेवर घेऊन खाली आली. मैनाबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर गुडघा दाबत उभ्या होत्या. तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना लिफ्टपाशी आणलं. उत्तरेश्वर उठायला लागला.

“बसा, दादा,” ती म्हणाली. “वहीत लिहा, निकिताने नेलं. कमिटी मेंबर आहे म्हणून लिहा. तुम्ही अडवलं होतं, तेही लिहा.”

लिफ्ट उघडली. आत विमलाबाई, दूध आणायला रिकामी पिशवी घेऊन. त्या बाहेर पडल्या नाहीत.

“मैना ना तू?” त्यांनी डोळे बारीक केले. “आपन ज्वारी खुरपायला असायचो. हितंच. आन् आता जिन्यानं चढतीस?”

मैनाबाई ओशाळून हसल्या. मग खाली वाकल्या आणि उंबऱ्यापाशी काढाव्यात तशा पायातल्या चपला काढू लागल्या.

“चपला घाल,” विमलाबाई म्हणाल्या. “देऊळ न्हाई, लिफ्ट हाय. आत ये.”

“तुम्हाला दूध आणायला जायचं होतं ना, काकू?” निकिताने विचारलं.

“आनीन मागनं. आधी हिला वर सोडू.”

दार लागलं. प्रज्ञेशने मैनाबाईंकडे झेप घेतली. त्यांना आज धाप लागलेली नव्हती, म्हणून त्यांनी त्याला लगेच घेतलं. वर कोपऱ्यात कॅमेऱ्याचा लाल ठिपका पेटलेला होता. निकिताने आठचं बटण दाबलं आणि त्या ठिपक्याकडे तोंड करून उभी राहिली.