दोन जावई, दोन गाड्या आणि विसाव्याचे दगड

ज्या वर्षी मुंजाबाच्या नातीचं, प्रेरणाचं, लग्न गारखेड्याच्या मंगल कार्यालयात झालं आणि तिसऱ्या पंगतीला मठ्ठा संपला, त्या वर्षी मुंजाबाच्या घरात दहा महिने चहाचं आधण चढलं नव्हतं.

याला कारण त्याची बायको सुगंधाबाई. प्रेरणा सत्तावीस वर्षांची झाली होती. स्थळं येत, पोहे खात, शेतीची चौकशी करत आणि जात. शेवटी एका सकाळी सुगंधाबाईनं अंगणातूनच डोंगराकडं हात जोडले आणि म्हणाली, "बिरोबा, पोरीचं जमव. मी स्वतः वर येऊन माझ्या हातानं निवद ठेवीन. तवर चहाला शिवणार नाय."

पंधरा दिवसांत लग्न जमलं. बिरोबानं त्याचं काम चोख केलं. अडकली ती सुगंधाबाई. तिचे गुडघे असे झाले होते, की उंबरा ओलांडायलाही भिंत धरावी लागे. आणि बिरोबाचं ठाणं वाडीच्या मागच्या डोंगरावर, मेंढरांच्या वाटेनं दीड तासाच्या चढावर.

साठ वर्षं दिवसातून चार वेळा चहा पिणारी बाई अचानक थांबली, तर घराचं काय होतं ते मुंजाबालाच विचारावं. भाजीला मीठ कमी म्हटलं तरी भांडण, जास्त म्हटलं तरी भांडण. घरात चहाची पुडीसुद्धा ठेवायची नाही. मुंजाबा कन्नडच्या फाट्यावर जाऊन टपरीवर चहा पिऊन येई आणि तंबाखू चघळत घरात शिरे. तरी ती ओट्यावरूनच म्हणायची, "आलात का पिऊन?"

त्यानं उपाय थोडे का केले? डोली करतो म्हणाला. सुगंधाबाई म्हणाली, "चौघांच्या खांद्यावर जायचं तवा जाईनच की. जितेपणी कशाला सराव करायचा?" घोडी होती, ती आठ वर्षांपूर्वीच विकली होती. मुलगा अंगद, म्हणजे प्रेरणाचा बाप, शहरात राहून शहाणा झालेला. तो म्हणाला, "आई, मी मोबाइलवर देवाचा फोटो काढून आणतो. फोटोला निवद दाखव."

"मग तू बी पोरीच्या लग्नाला येऊ नको," ती म्हणाली. "फोटो पाठव."

तर अशा अवस्थेत लग्नाचा दिवस उजाडला. कार्यालयाच्या दारात मुंजाबाचे दोन्ही जावई आपापल्या गाड्यांना टेकून उभे होते. थोरला खंडेराव, वैजापूरचा कांद्याचा व्यापारी. त्याची गाडी पांढरी, नऊ वर्षं वापरलेली, एक लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली, आत कायम कांद्याचा वास. धाकटा गोकुळ, वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर. त्याची गाडी काळी, सात महिन्यांची, इतकी चकचकीत की वऱ्हाडातल्या बायका तिच्या दारात बघून पदर सारखा करत होत्या. दोन्ही गाड्या समोरासमोर, टकरीला सोडलेल्या एडक्यांसारख्या.

"साडूभाऊ, तुमची गाडी जमिनीपासून किती वर हाय?" गोकुळ विचारत होता. "माझी मोजून नऊ इंच. पाण्यातून जायची तर पावणेतीन फुटांपर्यंत काय होत नाय. बटण दाबलं की चारी चाकं कामाला लागतात. चिखल, वाळू, दगड, सगळ्याला येगळं बटण."

"आन सात महिन्यांत शोरूमला किती खेपा झाल्या?"

"तीन. पण ते फक्त स्क्रीनचं होतं."

"माझ्या गाडीला स्क्रीनच नाय, त्यामुळं बिघडत नाय," खंडेराव म्हणाला. "नऊ वर्षांत इंजिन खोललं नाय. काही झालंच तर वैजापुरात कुठलाबी मिस्त्री पान्यानं खोलतो आन हातोड्यानं बसवतो. तुमच्या गाडीला ल्यापटॉप लावावा लागतो, गोकुळराव. डोंगरात ल्यापटॉपवाला कुठून आणणार?"

"डोंगरात बिघडायला आधी डोंगरात जावं लागतं! तुमची कांद्याच्या मार्केटापुढं गेलीय का कधी?"

मुंजाबा शेवटचा मठ्ठ्याचा पेला हातात धरून हे ऐकत होता. त्यानं विचारलं, "डोंगर चढते का?"

"चढते!" दोघं एकदम म्हणाले.

"मग येत्या रविवारी वाडीला या."

रविवारी दोघं सकाळीच हजर झाले. खंडेराव थोरला, म्हणून सासूबाई माझ्या गाडीत बसणार, असं त्याचं म्हणणं. माझी गाडी नवी, मामींना धक्के लागणार नाहीत, असं गोकुळचं. मुंजाबानं निवाडा केला. "विसाव्यापातुर काळी, विसाव्यापासून पांढरी. अर्धा अर्धा डोंगर घ्या आन गप बसा."

विसावा म्हणजे त्या वाटेवरची अर्ध्या चढावरची जागा. तिथं दगडांचा एक मोठा ढीग आहे. वर जाणाऱ्या प्रत्येकानं तिथं थांबायचं, वाटेतला एक दगड उचलून ढिगावर ठेवायचा आणि मग पुढं निघायचं. मेंढपाळ माणसं घोड्यांवर बिऱ्हाड लादून जायची, तीही तिथं ओझं उतरवायची. न थांबता पुढं गेलेला माणूस कुणाच्या ऐकिवात नव्हता.

सुगंधाबाई नैवेद्याचं गाठोडं मांडीवर घेऊन काळ्या गाडीत बसली. शेजारी मुंजाबा. गाडी खरंच झकास चढली. खड्ड्यात उतरायची, बाहेर निघायची, आतल्या माणसाच्या पोटातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं. गोकुळची मान ताठ होत चालली. विसावा दिसला तसा त्यानं वेग वाढवला.

"थांबवा," सुगंधाबाई म्हणाली.

"मामी, चढावर मधे थांबायचं नसतं. एकदा वेग गेला की गाडी परत उचलत नाय. खाली सगळा मुरूम सुटलाय. आपण येताना ठेवू दगड."

"येताना ठेवायचा असता तर येतानाच्या वाटेला विसावा असता. थांबवा म्हणते ना!"

"अवो मामा, तुम्ही तरी सांगा."

मुंजाबा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दहा म्हैनं मीच काय सांगू शकलो नाय."

गाडी थांबली, पण गोकुळनं थांबवण्याआधीच थांबली. कचकन. सगळे पुढं झुकले. ऐन ढिगापाशी वरून वाडीतल्या मेंढपाळ कडुबाची दीडशे मेंढरं उतरत होती आणि ती गाडीला दिसली होती.

"ब्रेक कुणी मारला?" मुंजाबानं विचारलं.

"गाडीनं. समोर काही आलं की आपोआप मारते."

"तिला सांगितलं कुणी?"

मेंढरं आली ती गाडीच्या चहूबाजूंनी पसरली. गाडी टीं टीं करून ओरडायला लागली. कडुबा काठीवर हनुवटी टेकवून म्हणाला, "पाव्हणं, तुमी चला की. मेंढरं आपली वाट काढत्यात."

"मी चाललोच हाय! गाडी चालंना!"

मुंजाबानं आयुष्यात लांडग्याला भिणारी मेंढरं पाहिली होती. मेंढरांना भिणारं यंत्र पहिल्यांदा पाहत होता. गोकुळ स्क्रीनवर बोटं मारत ती सोय बंद करायचं ठिकाण शोधू लागला. तेवढ्यात कडुबाचा मोठा एडका काळ्या दारापाशी आला. त्या चकचकीत दारात त्याला दुसरा एडका दिसला. तो तीन पावलं मागं सरला.

"धर, धर!" मुंजाबा ओरडला. पण एडक्याला काय धरता? धाडकन आवाज झाला. दाराला ताटलीएवढा पोचा पडला. एडक्यानं बघितलं, दुसरा एडका अजून जागेवरच होता, म्हणून त्यानं पुन्हा एक दिली.

मागून पांढऱ्या गाडीतून खंडेराव उतरला. हसू दाबताना त्याचं पोट हलत होतं. "याच्यासाठी बटण नाय का, गोकुळराव?"

मेंढरं गेली. सुगंधाबाईनं एक दगड उचलून ढिगावर ठेवला, हात जोडले आणि ठरल्याप्रमाणे पांढऱ्या गाडीत जाऊन बसली. आता खंडेरावची पाळी. त्यानं गाडी सुरू केली, ढिगाशेजारून काळीच्या पुढं काढली, चढाला गिअर टाकला आणि चाकं जागच्या जागी गरगरली. मुरूम उडून गोकुळच्या बोनेटवर ताडताड आपटला.

"माझ्या गाडीवर दगडफेक करता का?"

"थांबा, चारी चाकं लावतो," खंडेराव म्हणाला आणि खालची दांडी ओढू लागला. ती हलेना. नऊ वर्षांत तिला त्यानं एकदाही हात लावला नव्हता. तिला फक्त लिंबू-मिरची बांधली होती. दोघा साडूंनी मिळून ओढली तेव्हा ती खटकन बसली आणि तिच्या बुडातून वाळलेली कांद्याची सालं बाहेर आली. तरीही काही उपयोग झाला नाही. चाकं फिरली, जळका वास सुटला आणि गाडी वर जायच्या ऐवजी हातभर मागं घसरली. आत सुगंधाबाई होती.

मुंजाबाला विचार करायला वेळ नव्हता. बैलगाडीमागं धावण्यात त्याचा जन्म गेलेला. त्यानं हाताला लागला तो दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. गाडी थांबली.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की दगड ढिगावरचा होता.

कडुबानं कानाला हात लावले. खंडेराव स्टिअरिंग धरून बसला. सुगंधाबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अवो, काय केलंत हे? देवाचा दगड चाकाखाली घातलात?"

बिरोबा कोपेल याची मुंजाबाला तितकी भीती नव्हती. सुगंधाबाई इथूनच माघारी फिरली, तर चहा जन्मभर बंद, हे त्याला दिसत होतं. तो म्हणाला, "देवाचा हाय म्हणूनच घातला. देवाकडं चाललेल्या माणसाला देवाचा दगड नाय धरणार तर कुणाचा धरणार?"

सुगंधाबाईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "घ्या लागतील तेवढं. पण एकूण एक दगड परत इथंच आला पायजे. आन जावयांनी सोताच्या हातानं आणायचा. गाडीत घालून नाय."

मग काय, दोन्ही जावई, कडुबा आणि मुंजाबा, सगळे ढिगाला भिडले. वाडवडिलांनी ठेवलेले दगड एकेक उतरवून चढावर दोन रांगांत अंथरले. गोकुळनं लग्नात आहेर मिळालेला पांढरा सदरा घातला होता, तो विटकरी झाला. खंडेरावनं गाडी उचलली, मागून गोकुळ आणि कडुबानं खांदा लावला आणि पांढरी गाडी हंबरत वर गेली. मग काळीच्या मागं खंडेरावनं खांदा लावला. एकमेकांच्या गाडीला ढकलताना दोघांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

वर ठाण्यापाशी सुगंधाबाई गाडीतून उतरली. मुंजाबानं हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही. भिंत नव्हती, म्हणून गाडीला धरत ती गेली, मग मोकळ्या जागेत चार पावलं तशीच चालली. पुरणपोळी ठेवली. नारळ फोडला. देवाला म्हणाली, "उशीर झाला. पोरगी सुखात हाय." एवढंच.

मग मुंजाबानं कोपरीच्या आतून लहान थर्मास काढला. फाट्यावरच्या टपरीतून तो पहाटेच भरून आणला होता. बशी बायकोच्या गाठोड्यात त्यानंच लपवली होती. सुगंधाबाईनं चहा बशीत ओतला, फुंकर मारायची सवय म्हणून फुंकर मारली आणि प्यायली.

"गार झालाय," ती म्हणाली.

"दहा म्हैनं झालं. गार होणारच."

ती हसली. दहा महिन्यांनी हसली. मुंजाबानं तोंड फिरवून उपरण्यानं उगीच नाक पुसलं.

जावई मात्र स्वस्थ बसणारे नव्हते. "मामा, आता खरं सांगा. कोणती गाडी बरी?"

मुंजाबा म्हणाला, "मला गाडीतलं काय कळतंय? खाली दगड परत ठिवायचेत. जो जास्त ठिवील त्याची गाडी बरी."

हे त्यानं गमतीनं म्हटलं होतं. पण साडू ते साडू. विसाव्यापाशी येताच दोघं कामाला लागले. अंथरलेले दगड दोन तासांत परत ढिगावर गेले, पण बरोबरी झाली. मग खंडेरावनं वाटेतला आणखी एक उचलला. गोकुळनं दोन आणले. खंडेराव वरच्या वळणावर गेला, गोकुळ खालच्या. दिवस कलला, कडुबा मेंढरं कोंडून पुन्हा बघायला आला, तरी दोघं वाकून दगड वेचतच होते. ढीग कमरेएवढा होता तो डोक्याएवढा झाला आणि वाट झाडून घेतल्यासारखी साफ दिसू लागली.

"आता हितनं रिक्षाबी जाईल," कडुबा म्हणाला.

आणि गेलीच. पुढच्या महिन्यात कन्नडचा एक रिक्षावाला सुगंधाबाईला वर घेऊन गेला. विसाव्याला थांबला, दगड ठेवला आणि पुन्हा विनातक्रार चढला. त्यानंतर ती चार वेळा गेली, दर वेळी रिक्षानंच. जावयांना याबद्दल कुणी काही सांगितलं नाही. दिवाळीत त्यांचा वाद पुन्हा डिक्कीवरून सुरू झाला.

घरात चहा दिवसातून पाच वेळा होऊ लागला. राहिलेला भरून काढते, असं ती म्हणायची.

सुगंधाबाई दुसऱ्या वर्षी, माघ महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळचा चहा पिऊन झाल्यावर वारली.