बिडीची सुट्टी

आमचं मालक, सहादेव, दिवसाला तीनच बिड्या वढायचे. "तीन म्हंजी काय व्यसन हाय व्हय?" आसं छाती फुगवून सांगायचे. मला पाचवा महिना. मिरजगावाकडनं आमी ऊस तोडायला कोपरगावात आलेलो. तिथं दवाखान्यातल्या तमन्नाताई आमच्या पाचटाच्या कोप्यांवर तपासायला आल्या. माझं पोट बघून ह्यांना म्हनल्या, "भाऊ, तीन बिड्यांचा धूरसुद्धा बाळाला बाधतो. आणि सुरेखा, तू दिवसातनं दोनदा तरी बसत जा."

बसत जा म्हनं! टोळीचा मुकादम भिमाजी बसू देईल तवा ना. त्याच्या फडात बिडी पेटवली तरच मानूस बसनार. नुसतं टेकलं की शिव्या. बाया बिडी वढत न्हाईत, म्हनून बाया बसत न्हाईत. हे बांधावर धूर काढायचे, मी मोळ्या बांधत ऱ्हायची.

ताईंनी ह्यांना बिडी सुटाया निकोटिनच्या, चिंगमसारख्या चावायच्या गोळ्या दिल्या. "सावकाश चावा, तोंडात झिणझिणलं की गालात धरा. एक गोळी अर्धा तास पुरते." ह्यांनी पयलीच गोळी कचाकचा चावून सगळा रस गिळला, आन दुपारपत्तुर उचक्या दिल्या. मी लई हसले. पन तिसऱ्या दिवशी कानामागं बिडी दिसली, तवा माझं डोस्कंच फिरलं. "आवं, लाज वाटती का? पोटातल्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" बोलता बोलता रडूच आलं मला.

पुढच्या फेरीला ताईंनी ह्यांना इचारलं, "कोणती बिडी सुटत नाही?"

"दुपारची."

"का?"

ह्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हनले, "तेवढंच बसाया मिळतं, ताई."

"मग गोळी बसून चावा की. औषध आहे म्हणून सांगा मुकादमाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी कोयता खाली ठेवला, गोळी गालात धरली आन बांधावर बसले. माझ्या हातातली मोळी काढून घेतली आन मलाबी शेजारी बसवलं. भिमाजी वरडतच आला, "तू औषध खातूस, ठीक हाय. ही कशापायी बसली?"

"फडातल्या सा वर्सांत तिनं एकबी बिडी वढली न्हाई, मुकादम," हे म्हनले. "तेवढ्या बिड्यांचं बसनं ऱ्हायलंय तिचं."

भिमाजीनं खिशातनं बिडी काढली, माझ्या पोटाकडं बघितलं, आन पार पल्याडच्या बांधाला जाऊन पेटवली.

मी पाय लांब केले.