व्यसनमुक्त पित्याचा सत्कार

बाइंडर सकाळपासून खिडकीखाली बसून वह्या शिवत होता. उजव्या हाताची मधली तीन बोटे गेल्यापासून त्याने डाव्या हाताला सुई धरायला शिकवले होते. उरलेला अंगठा आणि करंगळी यांच्यात कागदाची घडी दाबून धरायची आणि डाव्याने टाका घालायचा. पूर्वी तासाला चाळीस वह्या सहज व्हायच्या, आता आठ झाल्या तरी दिवस बरा गेला म्हणायचा.

लेक आत आली ती हातातला कागद पाठीमागे धरूनच.

"बाबा, क्लबवाल्यांनी भाषण लिहून दिलंय. पाठ करायचंय."

"मग वाच की मोठ्याने. माझे कान मोकळेच आहेत."

"तुम्हीच वाचा." तिने कागद त्याच्या मांडीवर ठेवला आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली.

तिला नर्सिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. चार वर्षांची फी गावातला सेवा क्लब भरणार होता. क्लबचे दरवर्षी निधी गोळा करण्यासाठी मोठे जेवण असे. डॉक्टर, वकील, कारखानदार, दुकानदार यायचे, एकमेकांना कार्डे द्यायचे, धंद्याच्या ओळखी जुळवायचे आणि जाताना देणगी देऊन जायचे. त्या जेवणात क्लबने मदत केलेल्या एखाद्या मुलीने आपली कहाणी सांगायची, असा शिरस्ता होता.

बाइंडरने वाचले. 'माझे वडील दारूच्या पूर्ण आहारी गेले होते. एके दिवशी ते नशेतच यंत्रावर कामाला उभे राहिले आणि क्षणात त्यांची बोटे तुटली...'

त्याने कागद पुन्हा वाचला. दारू त्याने उभ्या जन्मात चाखली नव्हती. मेव्हण्याच्या लग्नात कुणीतरी सरबत म्हणून पेला हातात दिला, तेव्हा वास येताच त्याने तो कुंडीत ओतला होता. पुढे ते झाड वाळले, आणि 'आमच्या जावईबापूंच्या वाटणीची झाडाने घेतली' म्हणून सासरचे लोक अजून हसत.

बोटे गेली ती तो कामाला होता त्या प्रेसमध्ये. शाळेच्या पुस्तकांची घाई होती. कागद कापायच्या मशीनच्या पात्यापुढे लोखंडी जाळी असते. ती दर वेळी उघडझाक करण्यात वेळ जातो म्हणून मालकांनी काढायला लावली होती. सलग चौदावा तास होता. पाते खाली आले.

आतून बायको पदराला हात पुसत आली. कागद वाचताच तिचा चेहरा उतरला. "अहो, हे काय? तोंडाला काळं फासून फी मिळत असेल तर नको ती फी!"

"थांब जरा," तो म्हणाला. "काहीतरी घोटाळा झाला असेल. मी विचारून येतो."

क्लबच्या सेक्रेटरींचे चष्म्याचे दुकान होते. सारे त्यांना चष्मेवालेच म्हणत. माणूस गोड. बाइंडरला पाहताच त्यांनी खुर्ची पुढे केली.

"साहेब, मी दारू पीत नाही," बाइंडर उभ्यानेच म्हणाला.

"मला माहीत आहे हो," चष्मेवाले म्हणाले.

बाइंडरने रस्ताभर बोलणे जुळवून आणले होते, ते एका फटक्यात संपले.

"बसा. असं बघा, लोक जेवायला आलेले असतात. अपघात म्हटलं की हळहळतात आणि ताट पुढे ओढतात. बाप दारुडा म्हटलं की मुलगी उठून दिसते. हात आपोआप खिशात जातो. नाव काही तुमचं घेणार नाही आम्ही."

"पण खरं सांगितलं तर? ती जाळी काढली होती, ते..."

चष्मेवाल्यांनी हातातली फ्रेम काचेवर ठेवली. आवाज खाली आणला. "यंदा आमचे अध्यक्ष कोण आहेत, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होते. प्रेसचे मालक.

"त्यांनीच तुमच्या मुलीचं नाव सुचवलं. चार वर्षांची फी आहे. यादीत आणखी अकरा मुली आहेत, बाइंडर. आता तुम्हीच ठरवा."

ठरवायला काही शिल्लकच नव्हते. घरी येऊन त्याने लेकीला जवळ बसवले आणि कागद तिच्या हातात दिला. "म्हण. शब्दच तर आहेत. शब्दाने काय बोटं परत तुटतात?" तिला रडू आवरेना, तेव्हा त्याने स्वतः वाचून दाखवले. "हे बघ, 'नशेतच' म्हटलंस की जरा थांबायचं. घाई करायची नाही."

भाषण फार गाजले. निधी पहिल्यांदाच इतका जमला. क्लबच्या मासिकात ते छापून आले, वर लेकीचा हसरा फोटो आणि खाली तिचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. चूक छापणाऱ्याची, असे चष्मेवाले म्हणाले. मासिक मालकांच्याच प्रेसमध्ये छापले जाई.

दोन महिन्यांनी कामगार कचेरीत बाइंडरची तारीख होती. नुकसानभरपाईचा अर्ज त्याने अपघातानंतर लगेच केला होता. मालकांच्या वकिलाने टेबलावर एकच कागद ठेवला. मासिकाचे ते पान.

कचेरीतल्या साहेबांनी ते वाचले. "ही तुमचीच मुलगी?"

"हो."

"माणूस नशेत कामावर आला असेल तर भरपाई बसत नाही. तुमचं म्हणणं काय? मुलगी खोटं बोलली?"

हो म्हणावे तर भरल्या सभेत खोटे सांगून देणगी मिळवली, असा लेकीवर शिक्का. कॉलेज, फी, सगळे त्याच दिवशी संपणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

"माझी मुलगी खोटं बोलत नाही, साहेब," तो म्हणाला.

अर्ज निकाली निघाला.

दुसऱ्या वर्षी आमंत्रण त्यालाच आले. 'व्यसनमुक्त पित्याचा सत्कार.' एक वर्ष दारूपासून दूर राहिल्याबद्दल. बायकोने कार्ड वाचले, घडी करून परत दिले आणि त्याचा एकुलता एक बरा सदरा इस्त्रीला घेतला. ती यायला मात्र तयार झाली नाही.

रविवारची दुपार होती. सभागृहात गोल टेबले, पांढरी आच्छादने. नाव पुकारल्यावर बाइंडर व्यासपीठावर गेला. मालक फुलांचा गुच्छ घेऊन पुढे आले. गुच्छ घेताना त्याने हळूच विचारले, "मालक, जाळी बसवली का हो? आता मशीनवर नवा माणूस आहे म्हणे."

मालक हसतच होते. "इकडे बघा, बाइंडर. फोटो काढतायत."

फोटो निघाला. मग कुणीतरी माइक त्याच्या तोंडापुढे धरला. "दोन शब्द बोला!"

सभागृह शांत झाले. पुढच्या टेबलाशी लेक बसली होती, हातात एक घडी घातलेला कागद. तिचे ओठ पांढरे पडले होते. आणखी तीन वर्षे, त्याच्या मनात आले.

"सोडली," तो म्हणाला. दुसरा शब्द निघाला नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. काहीजण उभे राहिले. खाली उतरताच एक वयस्क बाई त्याच्याजवळ आल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते. त्याचा तो अर्धा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "मोठं काम केलंत हो. अजून इच्छा होते का कधी?"

"होते कधी कधी," बाइंडर म्हणाला. इतक्या मायेने विचारणाऱ्या बाईंना दुसरे काय सांगणार?

मग लेकीची पाळी आली. ती उठली, माइकपाशी गेली. घडीचा कागद तिने उघडला नाही. मागच्या वर्षीचेच भाषण तिने तोंडपाठ म्हटले. 'नशेतच' म्हणून ती थांबलीसुद्धा.

दोघे बसथांब्यावर आले. तिथे तिने तो कागद त्याच्या हातात दिला. तिच्या स्वतःच्या अक्षरात सगळे लिहिले होते. जाळी, चौदावा तास, कचेरीतले ते पान, सगळे.

"आज मी हेच वाचणार होते," ती म्हणाली. "फी गेली तर जाऊ दे, म्हटलं. पण बाबा, तुम्ही आधीच 'सोडली' म्हणालात. त्यानंतर हे वाचलं असतं, तर दोनशे लोकांसमोर तुम्हीच खोटे ठरला असतात."

बाइंडरने कागद शेवटपर्यंत वाचला. आपण तिला वाचवायला गेलो आणि ती आपल्याला, आणि दोघे मिळून कोणाला वाचवून आलो, हे त्याला आता लख्ख दिसत होते.

"अक्षर छान आलंय," तो अखेर म्हणाला.

"पुढच्या वर्षी वाचू का?"

वाच म्हणायला जीभ उचलेना, आणि नको म्हणायला मन होईना. बस आली. त्याने डाव्या हाताने दांडा धरला, गुच्छ लेकीने घेतला, आणि गर्दीत कुणीतरी कौतुकाने विचारले, "अरे वा, सत्कार का? कशाबद्दल?"