साकिउसाचा उजवा पाय

साकिउसानं पायाला फडकं गुंडाळून बारा दिवस जखम लपवली, पण वास काही फडक्यात मावेना. शेवटी त्याच्या बायकोनं, लोसालिनीनं, फडकं ओढून काढलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं.

"समुद्रात प्रवाळ लागलं," तो म्हणाला.

साफ खोटं. हॉटेलातल्या पाहुण्यांसमोर तापल्या दगडांवरून चालताना भाजलं होतं. पण फिजीतल्या त्यांच्या बेंगा बेटावर हे बोलायची सोय नव्हती. चालण्याआधी चार दिवस नारळ वर्ज्य, बायकोपासून लांब निजायचं. पाळलं त्याला दगड भाजत नाही, आणि भाजलं म्हणजे गड्यानं चोरून काहीतरी केलंच! साकिउसानं तीस वर्षं इमानानं पाळलं होतं. पण मानणार कोण? पाय गेला तर लोक हळहळतात, अब्रू गेली तर हसतात.

राजधानीत, सुवात, पहिल्या डॉक्टरनं पाय एकदाच बघितला आणि गुडघ्याखाली बोटानं आडवी रेघ ओढली. "इथून." साकिउसा लंगडत पळाला तो थेट मेव्हण्याच्या, एपेलीच्या घरी. एपेलीही दगडांवर चालणारा. साखरेच्या आजारात दोन बोटं गेली तेव्हा त्यानं ते सोडलं.

"दाजी, हे बघा, तीन बोटांवर नाचतो मी," एपेलीनं पाय पुढे केला. "लावेनियाबाईंकडे चला, माझ्या डॉक्टर. त्या आधी वाचवायचं बघतात."

"पण कापतातच ना?"

"निखाऱ्यासारख्या दगडांवर चालता आणि सुरीला भिता? वा रे बहाद्दर!"

साकिउसाला हसू आलं नाही.

लावेनियाबाई लहानखुऱ्या होत्या. त्यांनी त्याचा पाय सरळ आपल्या मांडीवरच घेतला. "कशानं झालं?"

"प्रवाळ."

"मग तुकडा आत असणार. सापडेपर्यंत चिरत जावं लागेल मला."

त्याला दरदरून घाम फुटला. तरी एपेली शेजारीच उभा होता, म्हणून तोंड उघडेना.

"बरं, डोळे मिटा. टाचणी लागली की सांगा."

त्यानं डोळे मिटले, दात आवळले. वाट बघितली. पंखा घरघरत होता. बाईंना टाचणी सापडत नसेल, असं त्याला वाटलं.

"करा की सुरू, बाई."

"झालं. दहा ठिकाणी टोचली." बाईंचा आवाज मऊ झाला. "दगड शेवटचे गरम कधी लागले होते?"

साकिउसाच्या अंगावर काटा आला. "तीन वर्षं झाली," त्याच्या तोंडून निघून गेलं. बाकीचे झपझप पावलं उचलत, आणि हा मधोमध उभा राहून हात वर करी. केवढ्या टाळ्या पडत. आपल्यावर देवाची जास्त मर्जी आहे, असं तो समजत होता.

"दगडानंच भाजलं," तो कसाबसा म्हणाला. एपेलीकडे त्याला बघवेना. "पण मी नारळ नाही खाल्ला. शप्पथ."

"नारळाचा काय दोष? साखरेनं पाय बधिर केलाय. दोन बोटं जातील. पाय वाचेल असं वाटतं, पण वचन देत नाही."

एपेली म्हणाला, "म्हणजे दाजी, तीन वर्षं टाळ्या तुम्ही साखरेच्या जिवावर खाल्ल्यात." आणि त्यानं साकिउसाचा खांदा घट्ट धरला.

वचन दिलं नाही म्हणूनच असेल, साकिउसाचा बाईंवर विश्वास बसला. भीती मात्र तसूभरही हलली नाही.

सकाळी त्याला चाकांच्या खाटेवर झोपवलं. आतलं दार उघडलं आणि औषधाचा वास आला.

"लोसा," तो छताकडे बघत म्हणाला, "माझा पाय धर गं जरा. फार भीती वाटतेय."

"अहो, धरलाय," पायाशी उभी असलेली लोसालिनी म्हणाली. "केव्हाचा धरलाय."