पांढरी रेघ माझी होती

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी पाटी आहे; चिनी मातीची, तळहाताएवढी, झिलई नसलेली. नागपूरच्या एका कॉलेजात दगडांचा कस पाहण्यासाठी मला ठेवलं होतं. आता माझे कोपरे उडालेत.

कस म्हणजे काय, ठाऊक आहे? सोनार काळ्या दगडावर सोनं घासतो आणि उमटलेल्या रेघेवरून कस ठरवतो. घासणे या अर्थाच्या जुन्या संस्कृत धातूतून आलेला हा शब्द, दगड शिकणाऱ्यांनीही तोच घेतला. दगड वरून कसाही दिसो, माझ्यावर घासला की त्याच्या भुकटीची रेघ उठते. त्या रेघेचा रंग म्हणजे त्याचा कस. मँगनीजचा काळा दगड काळी रेघ द्यायचा, तितकाच काळा दिसणारा लोखंडाचा दगड तांबडी. मुलं हरखून जायची आणि मला कोण मोठेपणा वाटायचा!

पण माझ्यात एक खोट आहे. दगड माझ्याहून कडक असला, तर तो झिजत नाही, मीच झिजते. मग पांढरी रेघ उठते, ती माझ्याच भुकटीची. दगडाची रेघ पुसली की मी कोरी होते; माझी पुसली की खाली ओरखडा दिसतो.

बारा वर्षांपूर्वीची, १९७४ सालची परीक्षा. उमरेडच्या विणकर नत्थूजींची प्रेमिला दुसऱ्यांदा बसली होती. यंदा नापास झाली तर कॉलेज बंद, मागावर बसायचं, असं घरून बजावलेलं. तिला गार्नेटचा लाल, कडक खडा मिळाला. तिनं तो माझ्यावर घासला, रेघेखालचा ओरखडा बोटानं चाचपला आणि लिहिलं, कस नाही, दगड पाटीहून कडक आहे. बाहेरून आलेले परीक्षक पांढरी रेघ बघून तडकले. मग ही काय आहे, म्हणाले.

"सर, ती पाटीची आहे."

त्यांना ते उलट उत्तर वाटलं. त्यांनी सरळ फुली मारली. शेजारी प्रयोगशाळेचे शिपाई रुपरावजी ओलं फडकं घेऊन उभे होते. वीस वर्षं मला पुसणारा माणूस, त्यांना सगळं ठाऊक होतं. साहेब पुढच्या टेबलाकडे गेल्यावर त्यांनी मला पुसलं. ओरखडा लख्ख दिसला.

प्रेमिला थोडक्यात नापास झाली. दाखला न्यायला आली, तेव्हा रुपरावजी म्हणाले, "मले समजत होतं वं पोरी. पण साहेबासमोर मी काय बोलू?"

"नसतं बोललं तरी चाललं असतं, रुपरावजी. त्यांच्यासमोर पुसून तर द्याचं होतं."

ते फडकं घेऊन टेबल पुसू लागले.

मित्रांनो, मला तोंड नाही. माझी चूक मला सांगता येत नाही. म्हणून एवढंच मागते, रेघ दिसली की आधी पुसून बघा. आणि खरं ठाऊक असेल, तर ते साहेब समोर असतानाच दाखवा. मागाहून हळहळणं सोपं असतं. गेली बारा वर्षं मी तेच करते आहे.