तळघरातली हवा

राहुरी मागे पडली तसा अश्विनीचा फोन वाजला. ती गाडी चालवत होती, म्हणून तिने तो स्पीकरवर घेतला.

“संध्याकाळपर्यंत आईला आणू नको,” तिचा नवरा कानिफनाथ म्हणाला. “घर बघायला पार्टी येतेय. मागच्यासारखं तिने तळघराचं सांगितलं, तर हेही गिऱ्हाईक जाईल.”

अश्विनीने घाईने फोन बंद केला. शेजारी तिच्या सासूबाई, राहीबाई, शिर्डीसाठी घेतलेला हार मांडीवर सांभाळत बसल्या होत्या.

“म्हंजी दर्शनाला न्हाई, मला घराभाईर काढलंय व्हय?”

अश्विनीने गाडीचा वेग कमी केला.

केडगावच्या घरातलं तळघर उन्हाळ्यातही गार. राहीबाई वर्षानुवर्षं तिथेच झोपल्या. कधी मिश्रीसुद्धा लावली नाही, तरी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सुचवलं म्हणून तळघरातली हवा तपासली. जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी रेडॉन वायू, ना रंग ना वास, धोक्याच्या पातळीच्या वर निघाला. दुखणं त्यानेच झालं असं डॉक्टर छातीठोक सांगेनात. पण तिथे कुणी झोपू नका, एवढं स्पष्ट म्हणाले. त्यानंतर कानिफनाथने घर विकायला काढलं.

“इका की घर. मी कुठं नको म्हनले?” राहीबाईंना धाप लागली. “पन सांगून इका! ते हवा जायला वाट करतील, पंखा बसवतील. न सांगता लेकरं झोपवायची तिथं?”

“सांगायलाच पाहिजे असा कायदा कुठाय, म्हणतात हे.”

“कायदा न्हाई म्हून लाज बी न्हाई?”

पुढच्या फाट्यावर अश्विनीने गाडी वळवली.

घरी पोचल्या तेव्हा कानिफनाथ अमीर आणि जरीना या जोडप्याला तळघर दाखवत होता.

“एसीची गरजच नाही. मुलांची खोली इथेच करा.”

राहीबाईंनी जिन्याचा कठडा धरला. बोलायला गेल्या, पण खोकल्याने शब्द फुटेना.

“मनावर घेऊ नका,” कानिफनाथ हसला. “आजारपणामुळे डोकं ठिकाणावर नसतं तिचं.”

अश्विनी दोन पायऱ्या उतरली.

“त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. इथल्या हवेत रेडॉन आहे. आम्ही तपासलंय. वर चला, सगळं सांगते.”

जरीना आधी वर आली. तिने खुर्ची ओढून राहीबाईंना बसवलं. पाठोपाठ अमीर आला. खाली कानिफनाथ एकटाच उरला. क्षणभर त्याने चारही भिंतींकडे पाहिलं. मग नाकाला रुमाल लावून तोही भराभर जिना चढला.